नांदीच्या मागावर: संगीत नाटकांसाठी केलेली भटकंती

पडद्यामागची (धागाकर्ती)

गेल्या डिसेंबरात ऑफिसात एकाने विचारलं, "सुट्टीत कुठे?" म्हटलं, "गोव्याला." त्याने डोळे मिचकावले. आता त्याला काय सांगणार, की छप्पन्न वर्षांची मी आणि एकोणऐंशीची आई फोंड्याजवळच्या एका देवळाच्या आवारात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, शाली गुंडाळून पहाटेपर्यंत 'सौभद्र' बघत बसणार आहोत!

इथे गडकिल्ल्यांचे, मिसळीचे, वाघांचे धागे निघतात. म्हटलं, एक आपलाही काढावा. माझं वेड संगीत नाटकाचं, आणि अलीकडे ही नाटकं जिथे जन्मली, वाढली त्या गावांना जाऊन यायचं. हे वेड जन्मजात नाही बरं का. लहानपणी रेडिओवर नाट्यसंगीत लागलं की मी अंगणात पळायची. चौदा वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर आईला एकटीने जायला नको म्हणून तिच्यासोबत 'संशयकल्लोळ'ला गेले, ते मोबाइल बघत वेळ काढायचा असं ठरवूनच. पहिला अंक संपला तरी मोबाइल पर्समधून बाहेर आला नव्हता. इतकं हसू येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! जो तो 'वारसा', 'सुवर्णकाळ' म्हणत हार घालून मोकळा होतो, मग माणसाला वाटतं की हे सुतकात बसल्यासारखं बघायचं असतं. नाटककार देवलांनी हे कथानक उचललं फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रहसनातून, तेही मर्फी नावाच्या इंग्रजी नाटककाराच्या वाटेने. आधी ते गद्य होतं, १९१६ मध्ये पदं घालून संगीत झालं. म्हणजे एका फ्रेंच नवऱ्याचा संशय फिरत फिरत आपल्याकडे आला आणि गायला लागला.

ठरवून केलेली पहिली वारी सांगली-मिरज-कोल्हापूर. सांगलीला मुद्दाम ५ नोव्हेंबरला गेलो, रंगभूमी दिनाला. १८४३ मध्ये याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं. त्याच्या आधी कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीला आले होते. ते बघून राजेसाहेबांना वाटलं, असं काहीतरी आपल्याकडे व्हावं. भाव्यांच्या खेळात गाण्याचा भार सूत्रधारावर. बाकीच्या पात्रांनी प्रसंग ओळखून भाषण आयत्या वेळी जुळवायचं. हे मी आईला वाचून दाखवलं तर म्हणते, "म्हणजे पाठांतर नको. सुखी होते मेले." भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी गौरवपदकाचा कार्यक्रम असतो. गर्दी चिक्कार. आम्ही उभ्यानेच बघितलं.

मिरज म्हटलं की लोकांना इस्पितळं आठवतात. आम्ही सतारमेकर गल्लीत दुपार घालवली. जुने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे हात. हत्यारांचे दिवस सरले तसे हे हात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. एका दुकानात ओळीने टांगलेले सुके भोपळे, आणि खाली एक पोरगा तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावत बसलेला. तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. अर्धा तास एका तारेवर! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं फ्रेम केलेलं कात्रण भिंतीवर होतं. त्याबद्दल मालकांना विचारलं तर ते जवारीबद्दलच बोलत राहिले. बालगंधर्वांनी किर्लोस्कर नाटक मंडळीतून 'शाकुंतल'मध्ये पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो याच मिरजेत, १९०५ साली.

कोल्हापूरबद्दल लिहायला जरा जड जातं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर, पुढे त्याला गायक नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. एका भिंतीच्या अलीकडे मल्ल आणि पलीकडे नायिका, ही जोडी मला फार कोल्हापुरी वाटते. आम्ही तिथे एकदा बसून नाटक पाहिलं होतं, चांगल्या मधल्या रांगेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं. दुसऱ्या दिवशी ९ तारखेला केशवरावांची जयंती होती. त्यानंतर गेलो तेव्हा पत्र्यांच्या कुंपणाबाहेरून बघितलं. आईने रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडले, आणि रिक्षावाला थांबला तेव्हा त्याला म्हणाली, "थांब रे, नांदी होऊ दे."

मुंबईत ग्रँट रोडला बालीवाला थिएटर शोधत एक दुपार घालवली. ८ जुलै १९२१ ला तिथे 'संयुक्त मानापमान' झालं होतं. एरवी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, पण त्या रात्री केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. पैसे टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. थिएटर काही सापडलं नाही. एका पानवाल्याने आम्हाला तीनदा वेगवेगळ्या दिशांना पाठवलं, शेवटी सरबत पिऊन परत.

आणि गोवा. देवळाची पालखी आत गेली, मग साडेअकराला पडदा उघडला. रंगवलेले पडदे: राजवाडा, रस्ता, रान. कलाकार गावातलेच, अर्जुन करणारा दिवसा वीजखात्यात, बलराम शिक्षक. पुढच्या सतरंजीवर पोरं झोपलेली, पण घटोत्कचाची गर्जना झाली की सगळी टुणकन उठून बसली. आयांनी आधीच सांगून ठेवलं असणार, "घटोत्कच आयलो की उठयतां." सुभद्रेला एका पदाला तीनदा वन्स मोअर. तिसऱ्यांदा तिने सरळ विंगेकडे बघून पाणी मागितलं, प्यायली, पदर सावरला आणि गायली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या मागच्या आजी प्रत्येक पद तिच्याआधी अर्धी मात्रा पुढे गुणगुणत होत्या.

एकच खटकलं. ऑर्गनचा एक सूर वाजतच नव्हता. वरच्या सप्तकातला कोमल निषाद असावा असं आईचं मत. वादक तिथे आला की नुसता 'फुस्स' असा वारा. बिचारा प्रत्येक वेळी त्या सुरावरून उडी मारून पुढे जायचा, आणि सुभद्रा तो सूर जरा जास्तच ठासून लावायची, जणू त्याच्या वाटचाही आपणच भरतोय. पहाटे साडेचारला भरतवाक्य झालं. थर्मासमधला चहा केव्हाच संपला होता.

तुम्ही कुठे कुठे गेलात? काय पाहिलंत? पुढची वारी कुठे करावी? सविस्तर लिहा.

नवी_प्रेक्षक

वाखूसा (वाचनखूण साठवली)! मी २०१५ च्या 'कट्यार' सिनेमामुळे या वाटेला आले, पण प्रत्यक्ष नाटक अजून एकही पाहिलेलं नाही. पाच अंक, जुनी भाषा, एवढी सगळी पदं म्हटलं की पोटात गोळा येतो. सुरुवात कशाने करू? आणि झोप लागली तर चालतं का?

पडद्यामागची

झोप लागली तर अजिबात लाजू नकोस, माझी आई घोरते. शेजारच्याने हलवलं की म्हणते, "सम चुकली म्हणून डोळे मिटले."

सुरुवात 'सौभद्र' किंवा 'संशयकल्लोळ'. सौभद्र १८८२ चं आहे हे विसरून जा. पळून जाऊन लग्न, त्याला आतून सामील असलेला कृष्ण, काही न कळणारा मोठा भाऊ आणि खोटा संन्यासी. 'कट्यार' आवडला असेल तर मूळ नाटकही बघच. दारव्हेकरांचं, १९६७ चं, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 'एकच प्याला' एवढ्यात नको. घरी येऊन जेवण जात नाही.

काकाजी_गिरगाव

ताई, उत्तम लेख. आमचे सगळे बालपण गिरगावात गेले. साहित्य संघात नाटक असले की केळेवाडीच्या तोंडाशी दरवळणारा गजऱ्यांचा वास आजही आठवतो. तिकीट परवडत नसे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ पडदा ओढायला असत, त्यांच्या कृपेने विंगेत उभे राहून पुष्कळ पाहिले. विंगेतून पाहिल्याचा तोटा असा, की राजा पाठमोरा दिसतो आणि त्याच्या अंगरख्याला मागून लावलेल्या टाचण्याही दिसतात. फायदा असा, की तान घेण्याआधी नट श्वास कसा भरतो ते फक्त तिथूनच दिसते.

'एकच प्याला'विषयी आपण लिहिलेत ते खरे. बालगंधर्वांनी केलेली नायिका सिंधू पाहून स्वतः नाटककार गडकरी रडले होते असे वडील सांगत.

चिकित्सक

काकाजी, वडिलांचा मान राखून: ते शक्य नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारीला बडोद्यात. त्यांनी ते नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही.

आणि आणखी एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत.

काकाजी_गिरगाव

मान्य. वडील हयात नाहीत, नाहीतर आपली गाठ घालून दिली असती. मजा आली असती.

चोखंदळ

धागा छान आहे, पण हे सगळं स्मरणरंजन आहे. वस्तुस्थिती लिहितो. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरात, एका नावाजलेल्या नाट्यगृहात संगीत नाटक पाहिलं. पाच अंकांचे दोन केलेले. निम्म्याहून जास्त पदं कापलेली. उरलेल्यांतही एकेक कडवं. गालावर चिकटवलेला माइक, आणि तंबोरा मोबाइलच्या ॲपमधून. राजकन्येच्या विरहात मध्येच कोणाचा तरी फोन येऊन तो तंबोरा बंद पडला. सभागृहात सरासरी वय सत्तर. 'शाकुंतल'मध्ये पदांची संख्या दोनशेच्या घरात होती, आपण वीस ऐकतो आणि वन्स मोअर देतो. याला जिवंत रंगभूमी म्हणायचं?

पडद्यामागची

चोखंदळ, फोनचा किस्सा वाचून आई खुर्चीतून पडायची राहिली.

कापाकापीचं म्हणाल तर १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला तोच मुळी पहिल्या चार अंकांचा. पुढचे अंक नंतर आले. तेव्हा कोणी 'अपूर्ण' म्हणून पैसे परत मागितले नसावेत. रात्रभराचं नाटक हवं तर रात्रभर बसणारं गाव लागतं. शहरात साडेबाराची शेवटची लोकल असते हो. मला कापलेलं चालतं, पण ॲपचा तंबोरा मलाही नाही चालत. तिथे मी तुमच्या बाजूला.

सरासरी वयाबद्दल मात्र वाद घालणार. तुम्ही नाट्यगृहात मोजलंत. मी देवळासमोर मोजलं, तिथे घटोत्कचाला उठलेली पोरंच वीस-पंचवीस होती.

थेम्सकाठी

लंडनहून. इथे पंधरा वर्षं आहे, आणि तुमच्यासारखाच रोगी, फक्त जंतू इथला. लेस्टर स्क्वेअरच्या खिडकीवर त्याच दिवशीची उरलेली तिकिटं स्वस्तात मिळतात, तिथे रांगेत उभं राहण्यात माझे अर्धे शनिवार गेले.

हेमार्केटच्या थिएटरात 'फँटम ऑफ द ऑपेरा' ऑक्टोबर १९८६ पासून चालू आहे. आठवड्याला आठ प्रयोग. न्यूयॉर्कचं एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं, १३,९८१ प्रयोगांनंतर. 'ले मिझराब्ल' १९८५ पासून. त्यातली जवळजवळ वीस वर्षं ते इथल्या पॅलेस थिएटरात होतं. कोल्हापूरच्या पॅलेसबद्दल वाचताना तेच आठवलं. वरच्या गॅलरीतल्या खुर्च्या इतक्या चढणीच्या आणि अडचणीच्या की गुडघे पुढच्याच्या कानाला लागतात. मध्यंतरात बटाटेवड्याऐवजी छोट्या डब्यातलं आइस्क्रीम. याची सवय मला अजून झालेली नाही.

पण खरी गंमत वन्स मोअरची. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका गाण्यावर मी जीव ओवाळून टाकला आणि तोंडातून गेलं, "वन्स मोअर!" आख्खी रांग वळून बघायला लागली. इंग्रजांच्या देशात इंग्रजी शब्द कळेना! शेजारच्या बाईंनी समजावलं, एक तर असं कोणी मागत नाही, आणि मागायचंच असेल तर फ्रेंच शब्द वापरतात. म्हणजे इंग्रजांकडून घेतलेला शब्द आपल्याकडे संसाराला लागला आणि त्यांच्या स्वतःच्या घरात त्याला कोणी ओळखत नाही.

कारणही तसंच आहे. इथे वाद्यवृंद, दिवे, फिरता रंगमंच, सगळं सेकंदाला बांधलेलं. गाणं परत घ्यायचं तर 'फँटम'मधलं वरून कोसळणारं झुंबर कुठे थांबवणार? इथला नट रोज तेच आणि तितकंच गातो, आणि ते थक्क करणारं असतं. आपल्याकडे नट तेच पद आज वेगळं गातो म्हणून माणसं परत जातात.

नवी_प्रेक्षक

"झुंबर कुठे थांबवणार" 😂 पण मग आपल्याकडे परत गाताना कथा थांबत नाही का? नायिका रडत असते आणि मध्येच टाळ्या, मग पुन्हा पहिल्यापासून रडणं?

चोखंदळ

थांबते. नक्की थांबते. जुने टीकाकारही हेच म्हणत आले आहेत, गाण्याने नाटक खाल्लं. बाई, तुम्ही एकही नाटक न बघता नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

ऑर्गनवाला

धागा आजच पाहिला. मी व्यवसायाने ऑर्गन वाजवत नाही, दुरुस्त करतो. वाजवणं त्यातूनच आलं. बंद सुराबद्दल लिहितो, बाकी चर्चा जाणकारांनी करावी.

आपला नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटीचा मोठा भाऊ. दोन्ही पायांनी भाता चालवायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. यातल्या बहुतेक जातींमध्ये हवा आत ओढली जाते, आपल्या हातपेटीसारखी बाहेर ढकलली जात नाही, म्हणून सूर गोल आणि मऊ येतो, गाणाऱ्याच्या गळ्याला चिकटून चालतो. गुडघ्याशी एक लाकडी पट्टी असते, ती बाहेर दाबली की आवाज फुलतो. ताई, पुढच्या वेळी वादकाच्या हातांकडे न बघता गुडघ्याकडे बघा. नट तान वर नेतो तेव्हा गुडघा हळूच बाहेर जातो. चांगल्या आणि बऱ्या साथीदारातला फरक मला तरी तिथे दिसतो.

फक्त वारा येतो आणि सूर नाही, याचा अर्थ पट्टी उघडतेय, भाता ठीक आहे, पण पितळी रीडची जीभ हलत नाहीये. दहातल्या नऊ वेळा कचरा अडकलेला असतो. हे रीड स्क्रूने बसवलेले नसतात, खाचेत सरकवलेले असतात. एक आकडा मिळतो, त्याने रीड बाहेर ओढायचा, मऊ ब्रशने झाडायचा, परत सरकवायचा. पाच मिनिटांचं काम. जीभ बोटाने वाकवू नये, सुरातून जाते. रीड काढलात तर खाचेत टॉर्च मारून बघा. कोकणात आणि गोव्यात दुसरा त्रास पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकण्याचा, आणि भात्याच्या कापडाला उंदीर लागण्याचा. मी एकदा एका भात्यातून उंदराची चार पिल्लं काढली आहेत. वादक म्हणत होता, "आजकाल वारा कमी पडतो."

दुरुस्त करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी पासष्टचा आहे. एक मुलगा शिकायला येतो, त्याला कीबोर्डची जास्त ओढ आहे. तरी येतो.

चोखंदळ

ऑर्गनवाले, हे वाचून बरं वाटलं. कुठे असता? माझ्याकडे आजोबांची पायपेटी आहे, माळ्यावर. वारा कमी पडतो. आता तुमचं वाचून उघडायची भीती वाटतेय.

मिरजेचा_भोपळा

ताई, आमच्या गल्लीत येऊन गेलात आणि चहा न पिता गेलात व्हय? पुढच्या खेपेला आधी सांगा. तो जवारीवाला पोरगा बहुतेक आमचा भाचाच असणार, अर्धा तास एका तारेवर बसणारा दुसरा कोणी न्हाई. घरात पण तसाच, जेवायला बसला की भाजीत मीठ बरोबर हाय का बघत बसतो.

एक राहिलं तुमचं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच विसावलेत, मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसाला तिथं गाण्याची बैठक असते, रात्रभर. तिकीट न्हाई, खुर्ची न्हाई, मोठमोठी माणसं हजेरी लावायला येतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व नाटकात स्त्रीभूमिका करायचे, तेव्हा तुमच्या धाग्यात हे बसतंय बगा.

सीमाभागातला

मिरजेचा_भोपळा यांना अनुमोदन, आणि तिथून पुढे दक्षिणेला या असा आग्रह. मराठी संगीत नाटकाची अर्धी मुळं कानडी मुलखात आहेत, हे पुण्यामुंबईकडे जरा विसरलं जातं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्ह्यात. जन्म तिथे आणि १८८५ मध्ये शेवटही तिथेच. जन्मसाल १८४३, म्हणजे भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'चंच वर्ष. त्यांच्या नाटकांत साक्या-दिंड्या, लावणी आहे तशाच कानडी चालीही आहेत. आमच्या घरी आजी त्यातल्या काही चालींवर कानडी पदं म्हणायची. मूळ कुठलं आणि उसनं कुठलं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि फिकीरही नव्हती. केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली १९०८ मध्ये, ती हुबळीत. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ हुबळीपासून जवळ. एका वारीत हे सगळं होईल. धारवाडचा पेढा वेगळा सांगायला नको.

चिकित्सक

सीमाभागातला यांच्याशी सहमत. उलट दिशेचं उदाहरण: 'मानापमान'च्या (१९११) चाली गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या-कजऱ्यांवरून बांधल्या. म्हणजे दक्षिणेकडून कानडी, उत्तरेकडून बनारस-लखनौ, कथा कधी कालिदासाची तर कधी मोलिएरची. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा! 'शुद्ध मराठी परंपरा' म्हणून कोणी छाती पुढे काढली की मी ही यादी वाचून दाखवतो.

फोंडेकार

देव बरें करूं! आमच्या जत्रेबद्दल इतकं आपुलकीने लिहिलंत. नाटक कुठल्या देवळात बघितलंत ते वर्णनावरून कळलं, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी खुर्च्या पुरायच्या नाहीत. अर्जुन करणारा माझा वर्गमित्र. धागा वाचून दाखवला, "वीजखात्यात" वाचल्यावर म्हणाला की साहेबांना कळलं तर दुसऱ्या दिवशीच्या रजेचं कारण द्यावं लागेल.

आमच्याकडे याला उत्सवी रंगभूमी म्हणतात. गावाचा देव, गावचेच नट, तालमी महिना-दोन महिने. भूमिका घराण्यात चालत येतात. आमच्या वाड्यावर एका घरात तीन पिढ्या नारद आहे. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे. चोखंदळ साहेबांना आमंत्रण आहे. माइक आमच्याकडेही आहे, पण तो दोरीने वरून लोंबकळतो आणि गाणारा त्याच्याखाली जाऊन उभा राहतो. युद्धातही. 😀

ताई, तियात्र बघितलात का? कोंकणी संगीत नाट्यच ते, आमच्या ख्रिश्चन भावांचं. त्याची सुरुवात झाली मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला, एका इटालियन ऑपेरा मंडळीचा नाद लागलेल्या गोवेकरामुळे. नाटकाचे सहा-सात 'पडदे', आणि दोन पडद्यांच्या मध्ये 'कांतारां'. ह्या गाण्यांचा गोष्टीशी काही संबंध नसतो. गोष्ट सासू-सुनेची चाललेली असते आणि मध्येच एक जण येऊन ट्रंपेटच्या साथीवर रस्त्यातल्या खड्ड्यांवरून सरकारची सालटी काढून जातो. वन्स मोअर तिथेही असतो. आमदार पहिल्या रांगेत बसून हसतात, न हसून सांगतात कोणाला. नवी_प्रेक्षक यांनी विचारलं होतं गाण्याने कथा थांबते का; तियात्रात ती ठरवून थांबवतात.

आता ऑर्गनचं. तो देवस्थानचा आहे, खूप जुना. सूर बंद आहे हे आम्हाला माहीत होतं, वादक मागची दोन वर्षं उडी मारतोय. ऑर्गनवाल्यांचं वाचून आज संध्याकाळी उघडायचं ठरलंय.

थेम्सकाठी

तियात्राचं माहीत नव्हतं, भन्नाट. ऑपेरा बघून एकाने तियात्र काढला आणि मी ऑपेरावरचं संगीत नाटक सात वेळा बघून नुसती तिकिटं जपून ठेवली. उन्हाळ्यात येतोय, पण उन्हाळ्यात जत्रा नसतील ना?

फोंडेकार

मे महिन्यापर्यंत कुठे ना कुठे काहीतरी असतं. पावसाच्या आत या.

पडद्यामागची

केवढं मिळालं! मिरजेला चहा, कुंदगोळ, तियात्र, सगळं वहीत उतरवलं. आईने 'तियात्र' शब्दाखाली दोन रेघा मारल्यात. तिला खड्ड्यांवरचं गाणं ऐकायचंय, म्हणते ठाण्यालाही बोलवा.

चोखंदळ, माळ्यावरची पेटी उघडलीत का?

चोखंदळ

उघडली. उंदीर नाहीत. भात्याचं कापड मात्र हात लावल्यावर पापडासारखं तुटलं. ऑर्गनवाल्यांना व्यनि (खासगी निरोप) केलाय. आणि फोंडेकारांच्या त्या दोरीच्या माइकबद्दल मी अजून विचार करतोय. युद्धात त्याच्याखाली उभं राहायचं म्हणजे शत्रूलाही तिथेच यावं लागत असणार.

फोंडेकार

येतो. बोलायची पाळी आली की दोघे जागा बदलतात.

काल रात्री ऑर्गन उघडला. आकडा नव्हता, बायकोच्या क्रोशाच्या सुईने रीड ओढला. आईंचं बरोबर, कोमल निषादच. जिभेखाली तांदळाची कणी निघाली, कुंकू लागलेली. प्रयोगाआधी आम्ही ऑर्गनची पूजा करतो, अक्षता टाकतो, त्यातली आत गेली असणार. झाडून परत बसवला. वादकाला बोलावून ते पद वाजवून बघितलं. सूर आता लख्ख वाजतोय, पण तो सवयीने तिथे आला की अजून उडीच मारतो.

ऑर्गनवाला

क्रोशाची सुई लक्षात ठेवतो. पुढच्या वर्षी अक्षता झाकणावर टाका, पट्ट्यांवर नको.